जूनपर्यंत झाकता येईल तेवढंच

कोकणातलं घर बहुधा उतारात जागा करून बांधलेलं असतं. पुढे अंगण, मागे परस, आणि परसाच्या मागे पुरुषभर उंचीपासून पंचवीस-तीस फुटांपर्यंत चढत गेलेली दरड. घरात बारमाही राहणारं कोणी उरलं नाही, की या दरडीचा ताबा आधी रानमोडी घेते, मग घाणेरी, आणि त्यांच्या आडोशाने सुबाभूळ, मोरवेल, खाजकुयली असं जे जे रुजेल ते. गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या घरच्यांना ते खुपतं. पण भाद्रपदात सगळं चिंब असतं आणि मे महिन्यात अंग भाजतं. म्हणून साफसफाईचा बेत ठरतो तो दिवाळी ते शिमगा या काळातला. काळ अगदी योग्य आहे. चुकतं ते कामाचं माप. चार गडी लावून, नाहीतर जेसीबी बोलावून, आठवड्याभरात दरड वरपासून खालपर्यंत तांबडीलाल केली जाते. घर लांबून दिसायला लागतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि पुढच्या जुलैत त्या दरडीतली माती परसात, गटारात नि कधी कधी मागच्या पडवीत येऊन बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हिवाळ्यात तेवढाच उतार उघडा करावा, जेवढा पुढचा पावसाळा सुरू होताना झाकायची आपली तयारी आहे. आणि उघडा करताना झुडूप काढावं, पण मुळांचं जाळं जमिनीत राहू द्यावं. ऐकायला हे साधं वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडे नेमकं उलट केलं जातं, कारण साफसफाई म्हणजे समूळ उपटणं अशी आपली समजूत आहे. सपाट वाफ्यात ती चालून जाते, उतारावर ती अंगाशी येते.

घाणेरीला कितीही शिव्या घातल्या, तरी दरडीवर ती दोन कामं चोख करत असते. तिचा पाला पावसाचा मार अंगावर घेतो आणि तिची मुळं वरचा थर बांधून ठेवतात. पावसाचा टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या मातीवर असे थेंब पडले, की आधी मातीचे कण सुटतात, ते बारीक छिद्रांत बसून वरची साय घट्ट होते, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. उतार जितका लांब आणि उभा, तितका त्या पाण्याला जोर. पहिल्या आठवड्यात बोटाएवढ्या चरी दिसतात, महिनाभरात त्यांत पाय मावतो. शिवाय घाणेरीच्या दाट सावलीत गवत फारसं टिकत नाही, त्यामुळे ती काढल्यावर खाली दुसरं पांघरूण नसतंच. म्हणजे जिला आपण घाण म्हणून काढतो, तिच्याशिवाय त्या जागी आवरण म्हणून काहीच शिल्लक राहिलेलं नसतं. ही वस्तुस्थिती मान्य केली, की पुढचं सगळं नियोजन तिच्यावरून ठरतं.

‘मुळं ठेवली तर घाणेरी पुन्हा फुटणार नाही का?’ हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. कोयत्याने जमिनीच्या वर छाटलेली घाणेरी दुप्पट जोमाने फुटते, हे कोणत्याही गड्याला ठाऊक असतं. पण ती फुटते कुठून, हे पाहायला हवं. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेलं काम इथे फार उपयोगाचं आहे. घाणेरीचे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या भागातून. त्याखालच्या मुळाला सहसा फुटण्याची शक्ती नसते. म्हणून बुंध्याभोवतीची माती बोटभर उकरायची, खोड जिथे मुळात उतरतं ती जाडसर जागा उघडी करायची, आणि जमिनीच्या पातळीखाली तीन ते पाच सेंटिमीटरांवर कुदळीच्या धारेने मूळ तोडायचं. तोडलेलं झुडूप लगेच उलटं करून, बुंधा आकाशाकडे ठेवून वाळू द्यायचं, म्हणजे मातीला टेकून ते पुन्हा धरत नाही. खालचं मूळ जागच्या जागी मरतं, पण माती धरून मरतं. उपटण्यापेक्षा हे काम हलकं आहे, जमीन उकरली जात नाही, आणि उकरलेल्या मातीत वर्षानुवर्षं पडून असलेलं बी वर येण्याची संधीही कमी होते. रानमोडीचंही बुडखं असंच जमिनीलगत खालून कापावं. सुबाभळीला मात्र हा उपाय पुरत नाही. तिचा बुंधा कापून साल जमिनीपर्यंत सोलावी लागते आणि येतील ते फुटवे दर पंधरा-वीस दिवसांनी मोडत राहावे लागतात. तिच्याशी एका हिवाळ्यात हिशेब मिटत नाही.

हिवाळाच का, याचं उत्तर रानमोडीच देते. ती डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि त्यानंतर तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सुटतं. फुलोरा पांढुरका-जांभळा असतानाच ती कापली तर पुढच्या वर्षीची निम्मी लढाई टळते. फेब्रुवारीअखेर कापली तर आपणच ते बी दरडभर पेरल्यासारखं होतं. उशीर झालाच असेल, तर शेंडे आधी कापून गोणीत भरावेत, मग झुडपाला हात लावावा. दुसरं कारण जमिनीचं. जांभ्याची माती ओल असते तोवर कुदळीला ऐकते. मार्चनंतर ती अशी आवळते, की पहारीशिवाय खड्डा होत नाही. तोडणं आणि खड्डे काढणं ही दोन्ही कामं म्हणून जानेवारीच्या आत-बाहेर उरकलेली बरी. खाजकुयलीच्या शेंगाही याच दिवसांत वाळतात. त्या दंव असताना, सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांचा सदरा नि हातमोजे घालून काढाव्यात. ऊन चढलं की त्यांची कुसं उडतात आणि मग दिवसभराचं काम बंद पडतं.

आता ‘एकदम सगळं नको’ याबद्दल. मुळं मेली की त्यांची पकड त्याच दिवशी सुटत नाही. ती कुजत जातात तशी सुटते. थंड हवेच्या देशांत उतारावरच्या जंगलतोडीचा अभ्यास झाला, त्यात तोडीनंतर साधारण तीन ते पंधरा वर्षं उतार सर्वांत कमकुवत असतो असं दिसलं, कारण जुनी मुळं कुजलेली असतात आणि नवी अजून खोल गेलेली नसतात. आपल्याकडच्या उबदार, ओल्या मातीत कुजणं याहून लवकर होतं. म्हणजे जुन्या मुळांच्या भरवशावर आपल्याला फार तर एक-दोन पावसाळे मिळतात, आणि तेवढ्यात नव्या मुळांनी जागा घेतली पाहिजे. तेव्हा दरड आडव्या पट्ट्यांत वाटून घ्यावी. माणूस एका जागी उभा राहून कोयता चालवू शकेल एवढी, पाच-सहा फुटांची पट्टी पुरते. पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात वरची पट्टी आणि एक सोडून तिसरी. मधली दाट झाडी तशीच ठेवायची. वरून सुटणारी माती, दगड, पाला त्या झाडीत अडकतो. पुढच्या हिवाळ्यात मधल्या पट्ट्या. सगळ्यात खालची, पायथ्याची पट्टी शेवटी, कारण अख्ख्या दरडीचं वजन तिच्यावर असतं. वरून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. बी नेहमी खाली घरंगळतं. खालून साफ करत वर गेलात, तर साफ केलेल्या भागात वरचं बी येऊन पडतच राहतं.

यावर हमखास म्हटलं जातं, की अर्धवट काम दिसायला वाईट दिसतं, आणि दरवर्षी गडी कुठून आणायचे? जेसीबी एका दिवसात सगळं करून देतो. मजुरीचा प्रश्न खोटा नाही. कोकणात तो घरोघरी आहे. पण जेसीबीचा हिशेब करताना फक्त त्याचं तासाचं भाडं धरलं जातं. तो दरडीवर चढू शकत नाही, म्हणून पायथ्याशी उभा राहून खालून ओरबाडतो, आणि त्या भरात उताराचा पाय कापून जवळजवळ उभी भिंत करून ठेवतो. वरचा जांभा काही काळ उभा राहतोही. पण जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-तांबूस मऊ चिकणमाती असते. तिला एकदा पाणी लागलं की ती लोण्यासारखी होते आणि वरचा कडक थर टेकूविना राहतो. मग संरक्षक भिंतीचा खर्च येतो. भिंतीचं म्हणाल तर, अशा भिंती बहुतेकदा मातीपेक्षा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने ढकलल्या जातात. काँक्रीटची भिंत बांधायचीच तर पाणी निघायला भोकं आणि मागे दगडगोट्यांचा भराव हवाच. पायथ्याशी चुन्या-सिमेंटाविना रचलेला जुन्या पद्धतीचा गडगा कमी उंचीच्या दरडीला या बाबतीत सरस ठरतो, कारण त्याच्या फटींतून पाणी आपसूक बाहेर येतं.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे काडी लावणं. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची पद्धत कोकणात जुनी आहे, म्हणून जाळण्यात काही गैर वाटत नाही. पण राब सपाट दाढीत भाजतात. तिथली राख तिथेच मातीत मिसळते. दरडीवरची राख पहिल्याच वळवात वाहून जाते. आगीने पाचोळ्याचा थर जातो, घाणेरी बुडख्यातून पुन्हा फुटते आणि रानमोडीला मोकळी जागा आयती मिळते. म्हणजे हवं ते जळतं आणि नको ते उरतं. त्यातून फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा फिरला तर शेजारची काजूची बाग पेटायला कितीसा वेळ? तणनाशकाबद्दलही असंच. पाण्याला तहानलेलं, पानं आखडलेलं झुडूप फवारलेलं औषध नीट शोषत नाही, आणि शोषलंच तर आजूबाजूचं गवतही मरतं. गवत हे तर दरडीचं खरं भांडवल. परसातली विहीर दरडीच्या पायथ्याशी असेल, तर हा विचारच सोडून द्यावा.

तिसरा आक्षेप सापांचा. पट्टी ठेवली, म्हणजे जनावरं ठेवली, असं म्हणतात. यात तथ्य आहे, आणि म्हणून घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट जागा पूर्ण मोकळी, झाडलेली असावी. लाकूडफाट्याची रास, नारळाच्या झावळ्या, फुटकी कौलं दरडीला लावून ठेवू नयेत. पण दरड बोडकी केली की साप जातील, हा भ्रम आहे. रत्नागिरी भागात सर्वाधिक भीती ज्याची, ते फुरसं उघड्या, दगडाळ, तापलेल्या जांभ्यावर आनंदाने राहतं. घोणस उंदरांमागे येते आणि उंदीर धान्यामागे, उष्ट्यामागे. तोडणी करताना गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात लांब काठी, दगड उचलण्याआधी तो काठीने हलवणं, आणि काळोख पडण्याआधी काम थांबवणं एवढी शिस्त पाळली तर धोका बराच कमी होतो. मजुरांना बूट आपण द्यावेत. त्यांनी ते आणावेत अशी अपेक्षा ठेवू नये.

तोडलेल्या झुडपांचं काय करायचं? टाकायचं नाही, वापरायचं. मे महिन्यापर्यंत कडकडीत वाळलेली घाणेरीची खोडं उतारावर आडवी रचावीत आणि खालच्या बाजूने दीड-दोन फुटांवर खुंट्या ठोकून अडवावीत. त्यामागे फणस-आंब्याचा पाचोळा भरला, की मेअखेरचे वळीव त्या पट्टीचं फारसं नुकसान करू शकत नाहीत. नेमके हेच वळीव घातक असतात, कारण थेंब मोठे नि माती उघडी. पाचोळ्याला वणव्याची आणि वाळवीची भीती असतेच; म्हणून घराच्या मोकळ्या पट्ट्यात तो आणायचा नाही, आणि जोत्याला टेकवायचा तर मुळीच नाही.

मग लागवड? इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्लंडातल्या बागांची पुस्तकं नि चित्रफिती पाहून बरेच जण तोडणीपाठोपाठ डिसेंबरातच रोपं आणतात. तिकडे हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं आणि जमीन ओली असते, त्यामुळे लागवडीचा तोच हंगाम. आपल्याकडे डिसेंबरनंतर सहा महिने पाऊस नाही, आणि उतारावरची ओल सपाटीपेक्षा लवकर उतरते. अशा दरडीवर लावलेलं रोप मार्चपर्यंत हंडे-कळश्यांवर जगवायचं आणि एप्रिलमध्ये जळालेलं पाहायचं, याला अर्थ नाही. मोरीचं पाणी पोचतं त्या पायथ्याला केळ, कर्दळ, अळू खुशाल लावा. बाकी हिवाळ्यात फक्त जागा करायची. प्रत्येक रोपासाठी ताटाएवढा, डोंगराच्या बाजूला किंचित कललेला ओटा कोरायचा आणि उकरलेली माती त्याच्या खालच्या काठाला दाबून बसवायची. ओळी समपातळीत याव्यात यासाठी गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

जलयुक्त शिवार आणि पाणी फाउंडेशनच्या कामांमुळे ‘समतल चर खणा, पाणी मुरवा’ हे आता सगळ्यांना तोंडपाठ झालं आहे. दुष्काळी माळासाठी ते उत्तम; घरामागच्या कोकणी दरडीसाठी ते धोक्याचं. तिथे पाणी मुरवायचं नसून काढून द्यायचं असतं. दरडीच्या माथ्यावर, कडेपासून चार-सहा फूट आत, एका बाजूला हलका उतार दिलेला उथळ चर काढावा आणि वरून येणारं पाणी पऱ्ह्याकडे वळवावं. वरच्या घराची पन्हळ आपल्या दरडीवर सुटत असेल, तर झाडं लावण्याआधी शेजाऱ्यांशी बोलणं हे पहिलं काम.

जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी होऊन माती वीतभर भिजली, की लागवड. उन्हाच्या दरडीला वाळ्यासारखं दुसरं गवत नाही. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली दोन-तीन मीटर उतरतात. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड यांनी भारतात मृदसंधारणासाठी त्याचा प्रसार केला. पण कर्नाटकातले शेतकरी त्याआधीपासून तो बांधावर लावत आले होते. ठोंबातून दोन-तीन फुटव्यांची जुडी सोडवायची, पानं वीतभर नि मुळं चार बोटं ठेवून छाटायची, आणि ओळीत दहा ते पंधरा सेंटिमीटरांवर एकेक जुडी बोटांनी घट्ट दाबून लावायची. अंतर वाढवून पैसे वाचवण्याचा मोह इथे नको. फट राहिली तर पाणी त्याच फटीतून जोराने जातं. ओळ सलग झाली, की तिच्यामागे माती साठून आपोआप पायरी तयार होते. दोन ओळींच्या मध्ये निर्गुडी, अडुळसा, करवंद, कुडा अशी गुरं सहसा न खाणारी, मुळं घट्ट धरणारी झुडपं. मोकळ्या जागी मारवेल किंवा पवना गवत. गिरिपुष्पाच्या हातभर लांब, जाड फांद्या मेअखेर खोचल्या तर पावसात फुटतात. पण तेही परदेशी झाड आहे, ते दरवर्षी छाटायला जमणार असेल तरच लावा. वाळ्याला सावली सोसत नाही. फणसाखालच्या दरडीला रानहळद, पेव आणि नेचे बरे. पावसात ते भुई झाकतात आणि हिवाळ्यात जमिनीखाली कंद ठेवून निघून जातात. उंच झाडं दरडीच्या कडेवर नकोत. वाऱ्यात ती हलतात आणि मुळाशी भेगा पाडतात. असलेला जुना वृक्ष मात्र तोडू नये. तोडायचाच झाला, तर झाडतोडीच्या कायद्यानुसार परवानगी लागते का, हे आधी विचारावं. ग्रामीण भागाला 1964 चा आणि नागरी भागाला 1975 चा कायदा आहे.

ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा फेरी मारावी. घाणेरीची नवी रोपं तेव्हा भिजल्या मातीतून दोन बोटांनी निघतात. तीच जानेवारीत कुदळ मागतात. पहिले दोन पावसाळे हे चुकवलं, तर आधीचा सगळा खर्च वाया गेला असं समजा. गावी कोणी नसेल, तर या दोन फेऱ्यांसाठी माणूस आधी ठरवून ठेवा, आणि तो मिळत नसेल तर तेवढी पट्टी उघडूच नका.

या सगळ्याची एक मर्यादा आहे. झाडांची मुळं वरचा मीटर-दोन मीटरचा थर धरतात. त्याखालून सरकणारा डोंगर ती थांबवू शकत नाहीत. 2014 साली माळीण आणि 2021 साली तळिये इथे दरड कोसळून जे घडलं, ते बागकामाच्या आवाक्यातलं नव्हतं. दरडीच्या माथ्यावर कडेला समांतर भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कलू लागले, कोरड्या जागी अचानक झरा फुटला किंवा घराच्या मागच्या भिंतीला नवे तडे गेले, तर कोयता खाली ठेवून तहसील कार्यालयाला कळवावं आणि भूवैज्ञानिकाला दाखवावं. पावसाळ्यात तर आधी त्या बाजूच्या खोल्या सोडाव्यात. अशी चिन्हं नसतील, तर यंदा वरची एकच पट्टी धरा. वाळ्याचे ठोंब कोणत्या रोपवाटिकेत मिळतील याची चौकशी मात्र तोडणी सुरू करण्याआधी करा आणि आगाऊ सांगून ठेवा. ठोंब मिळणार नसतील, तर कुदळ पुढच्या वर्षी मारली तरी चालेल.